शेंगदाण्याला स्कीम नसते

वाळवा तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. समोर शाळा, शेजारी दूध संकलन केंद्र, त्यामुळं उजाडायच्या आत गिऱ्हाईक दारात. गावात कोण काय खातं हे डॉक्टरच्या आधी मला कळतं. लठ्ठपणावर चार शब्द बोलायला तेवढं पुरे, असं मी धरून चालतो.

टीव्हीवर हा विषय निघाला की सगळे लोकांच्या जिभेवर घसरतात. ताबा ठेवा, चाला, पळा. अहो, जीभ फार नंतर येते. दुकानात काय पुढं लागणार आणि काय मागं पडणार हे त्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवण्यात गिऱ्हाइकाचा काही वाटा नसतो.

शेंगदाण्याचं पोतं घ्या. रोखीनं आणायचं, खडे-माती निवडायची, पावसाळ्यात खवट व्हायच्या आत खपवायचं. किडा लागला तर नुकसान माझं. फुटाण्यांचं तेच, चिरमुऱ्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. आता वेफर्सची लडी बघा. सेल्समन दारात येतो, माल उधारीवर टाकतो आणि स्वतः हुक लावून लडी टांगतो, ती बरोबर दुसरी-तिसरीतल्या पोराच्या डोळ्यासमोर. "मालक, ही मागं नेऊ नका हं." ठरावीक लड्या घेतल्या की एक फुकट. तारीख उलटली तर माल बदलून मिळतो. कोल्ड्रिंकवाल्यांनी तर फ्रीजच दिलाय. अट एकच, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही. मी खालच्या खणात ताकाच्या पिशव्या ठेवतो आणि त्यांचा माणूस यायचा दिवस असला की काढतो. शेंगदाण्याला अशी स्कीम कोण देणार? त्याचा सेल्समनच नाही.

मग मी पुढं काय लावायचं? लडीच लावतो, उद्याही लावणार. दुकान चालवायचं आहे.

पाच रुपयांच्या पुड्याची ताकद शहरातल्या लोकांना कळत नाही. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. पहाटे कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईला चूल पेटवायला वेळ कुठला? पोराच्या हातात चहा आणि बिस्किटाचा पुडा. मैदा, साखर, पामतेल. पोट भरतं, शिजवावं लागत नाही, पाच रुपयांत होतं. याला चैन म्हणायचं धाडस कोणी करू नये.

आता राजकारणाकडं येतो. आमच्याकडं ते वेगळं शोधावं लागत नाही, धुराड्यावरून दिसतं. सांगलीत वसंतदादांनी, इकडं साखराळ्याला राजारामबापूंनी साखर कारखाने उभे केले. त्यातून शाळा आल्या, रस्ते आले, दवाखाने आले. हे नाकारणारा माणूस कृतघ्न. पण त्याचबरोबर असं झालं की ठरलेला भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक उसालाच मिळालं. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागं ३,५५० रुपये. ती वेळेत मिळाली नाही तर रस्त्यावर उतरायला संघटना आहेत. भुईमुगालाही हमीभाव आहे, त्याच वर्षासाठी क्विंटलला ७,२६३ रुपये. पण त्यासाठी चक्का जाम झालेला आमच्या भागात मी तरी पाहिला नाही. आमच्या शिवारात आधी भुईमूग असायचा. पाणी आलं, ऊस आला, भुईमूग गेला. माझा स्वतःचा एकर उसाचाच आहे, उगाच साधूपणाचा आव आणत नाही.

भुईमूग गेला तसं तेलही बदललं. १९८६ साली सरकारनं तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान काढलं होतं, देश तेलात बराचसा स्वयंपूर्णही झाला होता. मग १९९४ पासून पामोलिनची आयात खुली झाली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामचा. ते स्वस्त, लवकर खवट होत नाही, साध्या हवेतही अर्धवट घट्ट राहतं म्हणून बिस्किटाला सोयीचं. कारखानदाराला याहून काय पाहिजे? घाण्याचं शेंगतेल माझ्याकडं मागायला आता म्हातारी माणसं येतात, आणि भाव ऐकून अर्धा लिटरच नेतात.

२०२५ सालच्या तीन तारखा मी दुकानाच्या वहीत लिहून ठेवल्यात. फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, लठ्ठपणा वाढतोय, खाण्यातलं तेल १० टक्के कमी करा. मेअखेर कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला: बिस्किटं आणि चॉकलेट १८ वरून ५, पाकीटबंद फरसाण आणि नूडल्स १२ वरून ५. महागाई होती, सणासुदीचे दिवस होते, तेल स्वस्त व्हायला पाहिजे होतं हे मलाही पटतं. पण सल्ला गिऱ्हाइकाला आणि सवलत पाकिटाला, ही वाटणी बघा. पाचच्या नाण्याचा हिशोब मोडायला नको म्हणून काही कंपन्यांनी किंमत तीच ठेवली आणि ग्रॅम वाढवले. पोरगं तेच पाच रुपये देतं, जास्त खातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला २०.६ टक्के बायका जादा वजनाच्या होत्या, २०१९-२१ ला २४. पुरुष १८.९ वरून २२.९. चार-पाच वर्षांत देशाची जीभ इतकी सैल झाली असेल, असं मला वाटत नाही.

नियम नाहीत असंही नाही. २०२० च्या नियमानुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही. माझं दुकान त्या पन्नासच्या आत की बाहेर, हे मोजायला आजवर कोणी टेप घेऊन आलेलं नाही. मीही मोजलेलं नाही. आत साखर-मीठ-तेल किती हे कळायला पाकिटावर पुढच्या बाजूला खूण हवी म्हणून २०२२ मध्ये मसुदा निघाला, तोही स्टार देण्याचा! चिलीत २०१६ पासून काळा अष्टकोन छापतात, 'साखर जास्त' म्हणून सरळ. आमच्या गिऱ्हाइकाला अर्धा स्टार दिसला तरी ते म्हणणार, बघा, बक्षीस मिळालंय. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये तीन महिन्यांत काय ते ठरवा म्हणून सांगितलं, मग मुदत वाढली. माझ्याकडच्या लड्यांवर अजून काही आलेलं नाही.

सरकारचा दिवाळीचा 'आनंदाचा शिधा'ही आठवतो. २०२२ ला शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. लोकांनी रांगा लावून नेला. त्याच दिवसांत कारखान्याची सभासदांना सवलतीची साखरही येते. आमच्या चौघांच्या घरात ती पोत्यानं पडते आणि पडली की लाडू, करंज्या, शिरा, चहात एक चमचा जास्त. स्वस्तात आलेलं कोणी मोजून वापरत नाही.

म्हणून कारखान्याच्या यंदाच्या वार्षिक सभेत विचारायचं ठरवलंय, की ज्याला नको त्याला साखरेऐवजी फरकाचे पैसे उसाच्या बिलात मिळतील का. चुलत्यांना सांगितलं तर म्हणाले, "साखर नको म्हणणाऱ्याला गावात मत कोण देईल?" म्हटलं, आबा, मला कुठं उभं राहायचंय. प्रश्न सभेआधी लेखी द्यावा लागतो. कागद तयार आहे. आता तो आबांच्या सहीसाठी थांबलाय, सभासद क्रमांक त्यांच्या नावावर आहे.