बेस २ + १० चे पॅलप्राइम: शेवटी तेरा अंकी सापडला

आला एकदाचा! ७२८४७१७१७४८२७. पॅलप्राइम म्हणजे उलटसुलट वाचली तरी तीच राहणारी मूळ संख्या, आणि हा दशमानात (बेस १०) आणि बायनरीत (बेस २) दोन्हीकडे तसा. ३, ५, ७, ३१३ आणि मग थेट हाच, मधे काही म्हणजे काहीच नाही. आधीच माहीत असलेल्यांच्या यादीत तो आहेच, पण आपल्या कोडमधून पडला की मजा वेगळी.

सम लांबीवाले बाद हे आपलं जुनंच (दशमानात ११ ने भाग जातो, बायनरीत ३ ने, ३ स्वतः तेवढा अपवाद). पण तेरा अंकांत गंमत बघा, ३ ने सुरू होणारे सगळे ४२ बिटचे (बिट म्हणजे बायनरी अंक) आणि ९ वाले सगळे ४४ बिटचे, म्हणजे अख्खी गल्लीच बंद, उरले १ आणि ७ वाले (शेवटचा अंकही तोच, म्हणून सम आणि ५ वाले आधीच बाद).

खरी डोकेदुखी छाटणीची, म्हणजे दर पायरीला एकेक अंक ठरवत जाताना न जमणारे पर्याय लवकर तोडायची. शेवटचे चार अंक कळले की शेवटचे चार बिट पक्के, आणि पॅलिंड्रोम असल्याने तेच चार अंक पुढेही, त्यावरून वरचे (सुरुवातीचे) बिट कळतात, दोन्ही एकमेकांचे उलटे हवेत नाहीतर फांदी तोडा. ७ वाल्यांचे वरचे दोन बिट कायम ११, म्हणून शेवटचेही ११, म्हणून दुसरा अंक समच हवा, दहातले पाच तिथेच गेले. दर पायरीला असंच.

पण ७६९ ला घोळ! ७६९६५८१३९४४३२ च्या खाली वरचे तीन बिट ११० आणि तिथून पुढे १११, नुसत्या ७६९ वरून बाजू ठरतच नाही, आणि अशा सीमा प्रत्येक पायरीला नव्याने येतात. यानेच रडवलं. उपाय शेवटी साधा निघाला, रेंजची दोन्ही टोकं ठेवायची, दोघांत सारखे असलेले वरचे बिटच तपासायचे, बाकीचे पुढच्या पायरीवर.

टूल्सचं म्हणाल तर प्राइम तपासायला पारी जीपी (संख्यांच्या गणिताचं सॉफ्टवेअर), दुसरं काही नको. सीमधे १२८ बिटचा इंटिजर मिळतो पण छापायच्या प्रिंटएफ फंक्शनला तो छापता येत नाही, बसा एकेक अंक सुटा करत.

आता एकवीस अंकांचं रन लावणार होतो, पण हे लिहिता लिहिताच सुचलं, बेस ५ का नको? १० मधे ५ पण आहेच की! शेवटच्या अंकांवरून बेस ५ चे तेवढेच शेवटचे अंक ठरतात, म्हणजे दर पायरीला दहातले साधारण दोनच उरणार. सत्तावीस अंकांना १४ पायऱ्या, २ चा १४ वा घात १६३८४, बेस २ ला तेच ५ चा १४ वा घात, सहा अब्जांच्या वर! शिवाय बेस ५ मधे मधला अंक १ किंवा ३ च, नाहीतर संख्याच सम. बेस ३ ला शेवटच्या अंकांवरची ही छाटणी चालत नाही, १० मधे ३ नाहीच, ते राहू दे. एकवीसचं रन पुढे ढकललं, आधी पाच.