ई-सायकलचा कंट्रोलर आणि डिस्प्ले बदलताना

माझ्या स्वस्तातल्या ई-सायकलच्या हँडलवर बॅटरी दाखवायला तीन दिवे होते. भांडुपहून निघताना तिन्ही लागलेले असायचे. गांधीनगर जंक्शननंतर पवईकडचा चढ लागला की एकच उरायचा, आणि पुढे सपाटीवर आलं की पुन्हा तीन. संध्याकाळी घरी पोचण्याइतकी बॅटरी आहे का, हे त्यावरून कळायचं नाही. शिवाय कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचा करंट मोटरला मोजून देणारा डबा, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे करंट टप्प्याटप्प्याने, झटक्यात देणारा. पॅडल मारलं की क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम धक्का. एलबीएस रोडवर रिक्षा आणि बेस्टच्या बसमधून हळू वाट काढताना तो धक्का धोक्याचाच. म्हणून करंट सलग, हळुवार चढवणारा साइन वेव्ह कंट्रोलर आणि व्होल्टेज आकड्यात दाखवणारा डिस्प्ले घ्यायचं ठरवलं. वेग वाढवायचा नव्हता. मोटर 250 वॉटच्या आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तरच अशा सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही.

लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी जुन्या कंट्रोलरवरचं लेबल वाचलं आणि बॅटरीच्या बीएमएसची, म्हणजे बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटची, क्षमता पाहिली: 36 व्होल्ट, 20 अँपिअर. दुकानदार 25 अँपिअरचा कंट्रोलर पुढे करत होता, "पिकअप चांगला मिळेल" म्हणून. मी 15 अँपिअरचाच घेतला. कंट्रोलरने बीएमएसपेक्षा जास्त करंट ओढला तर ऐन चढावर, मागे ट्रॅफिक असताना, बीएमएस सगळं बंद करतो. डिस्प्लेही त्याच कंट्रोलरच्या जोडीचा घेतला. पाच पिनांचा कनेक्टर बसला म्हणजे दोघांची भाषा जुळते असं नाही, आणि सुटे घेणाऱ्यांचे पैसे बहुतेक तिथेच वाया जातात.

बसवायला शेजारचे काका आले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग केलेला माणूस. मी पकड उचलली तसे म्हणाले, "आधी फोटो काढ रे सगळ्या जोडांचे. आणि बॅटरी काढलीस तरी पॉवरचं बटण एकदा दाबून धर. कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो."

मोटरकडून तीन जाड फेज वायरी, म्हणजे मोटरला करंट नेणाऱ्या, आणि हॉल सेन्सरच्या, म्हणजे मोटर कुठवर फिरली हे कळवणाऱ्या सेन्सरच्या, पाच बारीक वायरी येतात. रंगाला रंग जोडला, चाक अधांतरी ठेवून थ्रॉटल अगदी हलका दिला, तर चाक फिरेना, नुसतं थरथरलं. ताबडतोब सोडलं. अशा वेळी थ्रॉटल दाबून धरला तर कंट्रोलरमधले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, जळू शकतात.

मग हॉल सेन्सर तपासले. लाल-काळ्यामध्ये 5 व्होल्ट मिळत होते. चाक हळूहळू फिरवताना बाकी तिन्ही वायरींवर आलटून पालटून शून्य आणि 5 दिसायला हवं, पण मीटरचा आकडा हलेना. सेन्सर गेले असं मला वाटलं. काका म्हणाले, "अरे, चाक उलटं फिरव!" माझ्यासारख्या गिअरवाल्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरमध्ये, फ्रीव्हील असतं, चाक पुढे फिरवलं तर आतली मोटर जागची हलत नाही. उलटं फिरवल्यावर तिन्ही सेन्सर ठणठणीत निघाले. म्हणजे प्रश्न फक्त फेजच्या क्रमाचा. हॉल तसेच ठेवून तीन जाड वायरींच्या सहाच जोडण्या होतात. त्या एकेक करून पाहिल्या. बरोबर जोडणीत मोटर जवळजवळ आवाज न करता फिरते आणि रिकाम्या चाकावर जेमतेम अँपिअरभर करंट घेते. ती सापडल्यावरच सोल्डर केलं आणि जोडांवर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवलं.

पावसासाठी कंट्रोलर असा बसवला की वायरी खालच्या बाजूने बाहेर पडतील, आणि प्रत्येक वायरीला झोल दिला. पाणी वायरीवरून ओघळलं तरी झोलाच्या तळाशी ठिबकतं, आत शिरत नाही.

सेटिंगमध्ये चाकाचा व्यास 26 इंच आणि कमाल वेग 25 ठेवला. मोटरच्या चुंबकांचा आणि गिअरच्या गुणोत्तराचा मिळून एक आकडा भरावा लागतो. तो चुकला तर वेग खोटा दिसतो. म्हणून मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून पाहिला. करंटची मर्यादा सुरुवातीला निम्मी ठेवली आणि कंट्रोलर हाताला तापत नाही हे पाहून मग पूर्ण केली.

धक्का गेलाच, पण मला जास्त मोलाचा वाटतो तो व्होल्टचा आकडा. दहा सेल सिरीजमध्ये असलेली ही बॅटरी पूर्ण चार्ज झाली की 42 दाखवते आणि कंट्रोलर 31 च्या आसपास पुरवठा तोडतो. पवईच्या चढावर 38 चे 35 होतात आणि थांबलं की थोड्याच वेळात बहुतेक भरून येतात. दिवे विझायचे ते याच घसरणीमुळे. त्यामुळे मी आता आकडा सिग्नलला उभं असताना वाचतो. तो 35 च्या खाली असेल, तर घराकडे निघताना असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, एकवर आणतो आणि पॅडलवर जोर देतो.