इमर्जन्सीतली ट्रॉली कोण भरतं?

मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जागोजागी सामानाच्या ट्रॉल्या असतात. सलाइनच्या सुया, सिरिंज, गॉझ, चिकटपट्ट्या, ऑक्सिजनचे मास्क. एका धावपळीच्या रात्रीत ट्रॉली निम्मी रिकामी होते आणि सकाळी कुणीतरी ती पुन्हा भरायची असते. काम किचकट, रोज तेच तेच, आणि पगार बेताचा. त्यामुळे माणसं टिकत नाहीत. 1996 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, मुलांच्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सी विभाग सांभाळणाऱ्या एरिन रीली या नर्सबाईंची नेमकी हीच डोकेदुखी होती. शिवाय त्यांना एक गोष्ट खटकत होती. बौद्धिक वाढीच्या अडचणी असलेली इतकी मुलं आपल्याकडे उपचाराला येतात, मग त्यांच्यापैकी मोठी झालेली कुणीच आपल्याकडे कामाला कशी नाहीत? त्यांनी दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडून टाकले. त्यातून, अशा तरुणांना कामाच्या जागीच शिकवून नोकरीला लावणारं ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झालं आणि पुढे अमेरिकेबाहेरही पसरलं.

हे सगळं सांगायचं कारण, माझं पोट त्याच झाडाच्या एका फांदीवर चालतं. मी व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडला राहते आणि जॉब कोच आहे. माहेरी हे काम अजून कुणालाही नीट पटवून देता आलेलं नाही. “म्हणजे क्लास घेतेस?” नाही. “मग नोकऱ्या लावून देणारी एजन्सी?” तीही नाही. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या माणसाला नोकरी लागली की सुरुवातीला मी त्याच्याबरोबर कामाच्या जागी जाते. त्याला काम शिकवते, त्याच्या साहेबाला त्याच्याशी कसं बोलायचं ते शिकवते (दुसरं जास्त अवघड), आणि मग हळूहळू तिथून अंग काढून घेते. माझ्या तासांचे पैसे राज्याचं पुनर्वसन खातं माझ्या संस्थेला देतं. म्हणजे मी जितक्या लवकर नकोशी होईन, तितकं माझं काम चांगलं झालं.

इथे विशेष गरजा असलेल्या मुलांना सरकारी शाळेत शिकायचा कायदेशीर हक्क असतो. व्हर्जिनियात तो बाविसाव्या वर्षापर्यंत. घराच्या दारात पिवळी बस येते, शिक्षक असतात, स्पीच थेरपी असते. बाविशी उलटली की बस यायची थांबते. मग सरकारी सेवांसाठी रांगा, आणि त्या वर्षानुवर्षं हलत नाहीत. मुलगा घरी बसतो आणि बरेचदा आईची नोकरी सुटते. “अमेरिकेत काय बाई, सगळ्या सोयी” असं फोनवर ऐकलं की मला हे आठवतं. सोयी आहेत, पण बहुतेक लहान मुलांसाठी. आठ वर्षांच्या दर 31 मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याचं इथल्या सरकारी पाहणीत दिसतं. ही मुलं मोठी होणार आहेत, हे कुणाच्या हिशेबात नसल्यासारखा कारभार आहे.

याच गावातल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात पॉल वेहमन यांच्या गटाने बाविशीच्या आतल्या अशा मुलांवर ‘प्रोजेक्ट सर्च’चाच एक प्रयोग केला. स्वमग्न मुलांचे दोन गट. 24 जणांनी शाळेचं शेवटचं वर्ष हॉस्पिटलमध्ये, वेगवेगळ्या विभागांत उमेदवारी करत काढलं, बरोबर प्रशिक्षक. उरलेले 16 जण नेहमीसारखे शाळेतच राहिले. 2014 साली निकाल छापून आला. पहिल्या गटातल्या 21 जणांना खऱ्या पगाराची नोकरी लागली होती, दुसऱ्यातल्या एकाला. पुढे मोठा गट घेतला तेव्हा आकडे थोडे उतरले, पण तफावत मोठीच राहिली. माझं मत विचाराल तर यातली मेख प्रशिक्षकात नाही, जागेत आहे. ती मुलं वर्गात बसून नोकरीबद्दल शिकत नव्हती. जिथे काम आहे तिथेच शिकत होती.

एका मुलाचं सांगते. नाव नको, गावही नको. हॉस्पिटलमध्ये ट्रॉल्या भरायच्या कामावर लागला. प्रत्येक कप्प्यावर आकडा चिकटवलेला असतो: इतके नग असलेच पाहिजेत. मोजायचं, कमी असतील तितके आणायचे, जुन्या तारखेचे पुढे, नव्या तारखेचे मागे. सलाइनच्या सुयांचे रंग जगभर ठरलेले आहेत. 18 नंबरची हिरवी, 20 ची गुलाबी, 22 ची निळी, 24 ची पिवळी. त्याने ते एकदा ऐकले आणि विषय संपला. पण पहिल्याच आठवड्यात तक्रार आली, “तो मध्येच नुसता उभा राहतो.”

पाहिलं तर खरंच उभा. सुपरवायझरबाईंनी सांगितलं होतं, “हे झालं की थोडा ब्रेक घे, मग बघ कुणाला काही हवंय का.” या एका वाक्यात तीन खड्डे आहेत. थोडा म्हणजे किती? ब्रेक कुठे घ्यायचा? आणि कुणाला काही हवंय हे नुसतं बघून कसं कळणार? आपण असली वाक्यं दिवसभर अंदाजाने उलगडत असतो, म्हणून त्यातले खड्डे दिसत नाहीत. मी एक कार्ड लिहिलं. 10:15 ला ब्रेक, खिडकीजवळची खुर्ची. 10:30 ला परत. मग तीन नंबरची ट्रॉली. ती झाली की डेस्कवरच्या माणसाला एकच प्रश्न: “आता कुठली ट्रॉली भरू?” उभं राहणं बंद.

दुसरी अडचण आवाजाची. छतातल्या स्पीकरवरून घोषणा झाली की तो कान दाबून खाली बसायचा. यावर फार मोठ्या उपचाराची गरज नव्हती. त्याची वेळ सकाळी सहाची केली, तेव्हा विभाग त्यातल्या त्यात शांत असतो, आणि आवाज कमी करणारे हेडफोन लावायची परवानगी मिळवली. परवानगीला मात्र बराच काळ लागला, कारण गणवेशाच्या नियमात हेडफोन बसत नव्हते. इथल्या मोठ्या संस्थांचे नियम हा वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसले तर माझीच नोकरी जाईल.

मी आधी त्याच्या शेजारी उभी राहायचे, मग दाराशी, मग खाली कँटीनमध्ये फोन हातात धरून. आता अधूनमधून चक्कर मारते. मध्यंतरी तो तापाने दोन दिवस घरी होता, तर नर्सच्या टेबलावरून सुपरवायझरला फोन, “आमचा ट्रॉलीवाला कुठाय?” कप्प्यांत कुणीतरी गुलाबी आणि निळ्या सुया एकत्र करून ठेवल्या होत्या. या कामात मी एकच कसोटी लावते: तो आला नाही तर कुणाचं अडतं का? अडत असेल तर ती नोकरी. नाहीतर आपण त्याला कुठेतरी बसवून ठेवलंय, एवढंच.

ही नोकरी त्याला मुलाखतीतून मिळाली नव्हती हे सांगायला हवं. आधीच्या एका ठिकाणी विचारलं होतं, “इथेच काम का करावंसं वाटतं?” याने खरं उत्तर दिलं, “मला नाही वाटत, आईने सांगितलंय.” संपलं. मुलाखत ही गोड बोलण्याची परीक्षा असते, आणि जे काम करायचंय त्यात बहुतेक वेळा गोड बोलायचं नसतंच. म्हणून आम्ही मालकांना गळ घालतो की प्रश्न विचारू नका, दोन दिवस काम करून घेऊन बघा. काही ऐकतात.

मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन भेटलं की हमखास विचारतं, “हे लोक गणितात, कॉम्प्युटरमध्ये फार हुशार असतात ना?” याचं मूळ मला माहीत आहे. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन यांनी 2004 साली ‘स्पेशलिस्टर्न’ कंपनी काढली. त्यांच्या मुलाला ऑटिझम होता, आणि सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामाला बारीक नजर लागते हे ते स्वतः टेलिकॉम कंपनीत असल्यामुळे जाणून होते. 2013 मध्ये ‘सॅप’ या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्याशी हातमिळवणी करून अशी भरती जाहीर केली. त्याची सुरुवातीची चाचणी बंगळुरूच्या ऑफिसात झाली होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पुढे मायक्रोसॉफ्टही आलं. चांगलंच झालं. पण माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बहुतेकांना कोडिंग येत नाही, काहींना फार बोलताही येत नाही. त्यांना चादरींच्या घड्या घालायला आवडतात, लायब्ररीतली पुस्तकं जागेवर लावायला आवडतात, एकाला तर फक्त पुठ्ठ्याची खोकी सपाट करायला आवडतं आणि गोदामात त्याला ते दिवसभर पुरतं. हुशारीचा चमत्कार दाखवला तरच नोकरी, असा नवा उंबरठा आपण घालायला नको.

आता पैशाचं बोलू, कारण आई-बाप सर्वांत जास्त घाबरतात ते इथे. काम करता न येणाऱ्या अपंग व्यक्तीला केंद्र सरकारकडून दरमहा भत्ता मिळतो, 2026 मध्ये जास्तीत जास्त 994 डॉलर. नोकरी लागली की भत्ता बंद, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. महिन्याच्या कमाईतले पहिले 85 डॉलर सोडून देतात आणि उरलेल्याच्या निम्मे भत्त्यातून कापतात. म्हणजे 885 डॉलर कमावले तर 400 कापले जातील, 594 भत्ता राहील आणि हातात कर जायच्या आधी 1,479 येतील. काम केल्याने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते साठवल्याने. खात्यात 2,000 डॉलरपेक्षा जास्त शिल्लक दिसली की भत्ता थांबतो, आणि ही मर्यादा 1989 पासून एका सेंटनेही वाढलेली नाही. 2014 च्या कायद्याने अपंगांसाठी वेगळी बचत खाती निघाली, त्यातले एक लाख डॉलरपर्यंत या हिशेबात धरत नाहीत. तरी अजूनही एखादी आई मला विचारते, “तास कमी करून घेता येतील का? त्याची शिल्लक वाढायला लागलीय.” काम चांगलं चाललंय म्हणून घाबरलेली आई मी इथेच पाहिली.

आणि प्रवास. माझ्याकडचे बहुतेक जण गाडी चालवत नाहीत. रिचमंड शहरात बस 2020 पासून फुकट आहे, पण गोदामं, मॉल, नवी हॉस्पिटलं उपनगरांत, आणि तिथे बस जातेच असं नाही. काम जमत असूनही सहाच्या पाळीला पोचवणारं कुणी नाही म्हणून नोकऱ्या सुटलेल्या पाहिल्यात. या एका बाबतीत आपल्याकडची मुलं पुढे जाऊ शकतील. मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक पाठ असलेला स्वमग्न मुलगा तुमच्याही ओळखीत असेल.

आपल्याकडे काय आहे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला यादीत घेतलं, सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार वगैरे सर्वांना मिळून दिला. कागदावर ठीक. पण तिथे पोचायला स्पर्धा परीक्षेचंच दार आहे. दुसरीकडे दिवाळी आली की कार्यशाळांमधल्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या येतात आणि आपण एक पाकीट घेऊन समाधानाने घरी जातो. त्या कार्यशाळा चालवणाऱ्यांचे कष्ट मी जाणते, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण घेणारा पणतीसाठी घेत नाही, दयेपोटी घेतो, आणि दया दिवाळीनंतर संपते. जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टने 2018 साली ‘कॅफे अर्पण’ सुरू केलं, तिथे ऑटिझम आणि तशा इतर अडचणी असलेली मोठी माणसं पगारावर काम करतात. मला ते आवडतं कारण तिथे गिऱ्हाईक भूक लागली म्हणून येतं. मुंबईत असाल तर जाऊन खा, आणि चव आवडली नाही तर तसं सांगा.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा कोल्हापुरात आहे, वय 24. ताई दर फोनला म्हणायची, “तो काय काम करणार गं?” मी तिला सांगितलं, त्याला काय येतं ते बाजूला ठेव, आधी तुमच्या पेठेत कुणाचं काय अडतंय ते बघ. तिने बघितलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढून डीलरकडे परत पाठवायची असतात, आणि ते काम सारखं मागे पडतं. वेळेत परत गेली नाहीत तर नुकसान त्याचं. ताईचा मुलगा घरातल्या बिस्किटाच्या पुड्यांच्या तारखासुद्धा वाचून दाखवतो. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार, दुकानात गर्दी नसते तेव्हा, मागच्या रॅकवर. त्याने तपासलेल्या खोक्यांवर दुकानदार एकदा नजर टाकतो.

ताईचं म्हणणं, “पैसे नकोत, त्यांनी बसू दिलं हेच खूप.” यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, फुकट काम करणाऱ्याला उशिरा आल्यावर कुणी रागावत नाही आणि उद्या नको म्हणायलाही कुणाला काही वाटत नाही. शेवटी भाऊजी मध्ये पडले आणि दुकानदाराशी बोलले. त्याने तासाला 50 रुपये म्हटलेत. ताईला ते जास्त वाटतात, मला कमी. मी तिला परत पाठवलेल्या औषधांचे डीलरने किती पैसे जमा केले त्याचा महिन्याचा आकडा मागून घ्यायला सांगितलंय. तो आला की 70 मागू.