बोलिन्हास आणि चिमुकले हात

आज म्हापशाच्या घरी नातवंडांनी बोलिन्हास (गोव्याची रवा-नारळाची बिस्किटं) वळल्या. मिश्रण कालच करून ठेवलं होतं. रवा रात्रभर मुरला नाही तर दाताखाली कचकचतो.

पाव किलो बारीक रवा, तेवढीच साखर, दीड वाटी खवलेला नारळ, वेलची. एकतारी पाकात आधी नारळ, मग रवा. कडा सुटल्या की उतरवायचं. २ बलक पूर्ण गार झाल्यावरच घालायचे, गरमात त्यांच्या गुठळ्या होतात.

गोळे लिंबाएवढे, आणि सारखे. धाकटीचे बोराएवढे होतात, ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावेत, नाहीतर करपतात. वर काट्याने उभ्याआडव्या रेघा. काटा चिकटला की कोरड्या रव्यात बुडवायचा. हे काम मुलांचंच, त्यांच्या रेघा किती सुंदर येतात!

१८० अंशांवर २० ते २५ मिनिटं. काढताना मऊ लागतात, गार झाल्यावर कडक होतात.