तुमचा स्तर निवडा

फॉर्म भरणं हाच माझा धंदा आहे. सोलापुरात करसल्लागार म्हणून बसतो. जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ, शॉप अ‍ॅक्ट, सगळं हाताखालून गेलंय. तरीही गिटारच्या कार्यशाळेच्या एका फडतूस ऑनलाइन फॉर्मनं मला पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत टांगून ठेवलं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी प्रकार काय तो सांगतो. गावातली एक संस्था मधूनमधून शनिवार-रविवार धरून गिटारच्या एकेका शैलीची कार्यशाळा भरवते. शिकवणारे पुण्याहून येतात. शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा धरली की रात्री सोलापुरात, सोमवारी सकाळच्या हुतात्मानं परत. दहा-बारा जण, सात रस्त्याजवळचा एक हॉल, दीड हजार रुपये फी. वर्षभराचा क्लास लावणं माझ्यासारख्याला जमत नाही. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला आमचे हात जीएसटीत अडकलेले असतात, आणि जुलैचं तर विचारूच नका. दोन दिवस मात्र कसेही काढता येतात. गिटार मी कॉलेजपासून वाजवतो, म्हणजे मित्रांच्या बैठकीत चार कॉर्ड धरून बडवतो. गाणं कुठलंही असो, उजवा हात तोच. त्याचाच कंटाळा आला होता.

पहिली कार्यशाळा ब्लूज या अमेरिकन शैलीची. ते दोन दिवस कसे गेले कळलंही नाही. बारा बारचं आवर्तन, एक बार म्हणजे चार मात्रा: चार बार ए सेव्हन, दोन डी सेव्हन, पुन्हा दोन ए, मग एकेक ई आणि डी, शेवटी दोन ए. तीन कॉर्डांत खेळ संपला. शनिवारी दुपारी अख्खा हॉल एकत्र वाजवत होता. खरी गंमत गंधाराची. ब्लूजमधला गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित ओढायची आणि मधेच कुठंतरी थांबायचं. ज्याच्या घरी नाट्यगीतं वाजतात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

नंतरची फिंगरस्टाइलही सुखात पार पडली. अमेरिकेतल्या केंटकीचा गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस, त्याच्या नावानं ओळखलं जाणारं पिकिंग. अंगठ्यानं खालच्या सुराच्या तारा आलटून पालटून चालू ठेवायच्या आणि वरची चाल बाकीच्या बोटांनी काढायची. सरांनी पहिला तासभर बोटांना हातच लावू दिला नाही. सी कॉर्ड धरून नुसता अंगठा: पाचवी, चौथी, सहावी, चौथी. आणि तो चालू असतानाच प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, सकाळी काय खाल्लं. ‘शेंगाचटणी’ म्हणेपर्यंत माझा अंगठा व्यवस्थित चालला, ‘आणि कडक भाकरी’ला थबकला. घरी सराव करताना अजून हेच करतो. बायकोशी बोलत बोलत अंगठा चालू ठेवतो. ती म्हणते, निदान या निमित्तानं तरी घरात बोलतोस.

मग आला फ्लॅमेन्को, स्पेनची शैली.

फॉर्म नवा होता. आधीच्या दोन्ही वेळी नाव, फोन नंबर आणि पैसे एवढंच होतं. आता त्यात ‘तुमचा स्तर निवडा’ असा रकाना आला: बिगिनर, इंटरमीजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड. खाली बारीक अक्षरात निकष. एफचा बार कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचा तो, सहाही तारांवर स्वच्छ वाजत असेल तर इंटरमीजिएट. माझा वाजतो, म्हणून मी इंटरमीजिएट निवडलं, पैसे भरले आणि एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जाऊन पडलो. ग्रुपवर निरोप आला: ‘आपल्या स्तराच्या बॅचमध्ये किमान ८ जण झाले की तारीख कळवण्यात येईल.’

किमान आठची अट मला मान्य आहे, हे आधीच सांगतो. हॉलचं भाडं, सरांचं तिकीट, दोन-तीन रात्रींचं लॉज, त्यांचं मानधन. चार जणांत हे निघत नाही. हिशेब मलाही कळतो. पण त्या ग्रुपमध्ये आम्ही सहा होतो आणि सहाच राहिलो. श्रावण गेला, गणपती गेले. कुणीतरी रोज सकाळी फुलांचं चित्र टाकायचं, बाकी हालचाल नाही. मी फोन केला की ठरलेलं उत्तर: ‘सर, लवकरच कळवू.’ दसरा झाला. ऑफिसखालच्या झेरॉक्सवाल्यानं तर थट्टाच लावली होती, दिसलो की विचारायचा, ‘काय बे, आलं का तुझं स्पेन?’

दिवाळीनंतर पार्क चौकात चहा पिताना आमच्याच गल्लीतला एक तबलजी भेटला. तोही फ्लॅमेन्कोसाठी थांबलेला. पण तो माझ्या ग्रुपमध्ये नव्हता! त्यानं गिटार नुकतीच घेतलेली, म्हणून बिगिनर. त्यांच्यात पाच जण. त्याच्या ओळखीची इंजिनीअरिंगची एक मुलगी अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, तिथे ती धरून दोघं. तिथंच टपरीवर बेरीज केली: सहा, पाच, दोन. तेरा माणसं पैसे भरून बसलेली आणि कार्यशाळा होत नव्हती, कारण आठाचा आकडा तीन ठिकाणी हवा होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेला फोन करून म्हटलं, ताई, मला बिगिनरमध्ये टाका, आणखी दोघं येतील, झाले आठ. तर म्हणाल्या, ‘एकदा सबमिट केलेला फॉर्म बदलता येत नाही सर, सिस्टीममध्ये तसंच आहे.’ मी क्षणभर गप्पच झालो. अहो, इन्कम टॅक्स खातं रिव्हाइज्ड रिटर्न घेतं. जीएसटीत मागच्या महिन्यातलं बिल पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येतं. भारत सरकारला जे चालतं ते यांना चालत नव्हतं. मग पैसे परत द्या म्हटलं, तर फी परत मिळत नाही, पुढच्या कार्यशाळेत वळती होते. पुढची कुठली? ‘तीही स्तराप्रमाणेच असेल सर.’

मी शेवटी धंद्यातलं हत्यार काढलं. नोटिशीला उत्तर लिहितात तसा रीतसर अर्ज: विषय, संदर्भ, तिन्ही ग्रुपांतल्या तेरा जणांची नावं आणि पावती क्रमांक यांचं परिशिष्ट, सगळ्यांच्या सह्या. अर्ज आवक झाला, शिक्का मिळाला, आणि तिथंच राहिला. मग गड्डा यात्रा आली. नंदीध्वज निघाले की सोलापुरात कुणाला कशाचं उत्तर द्यायची फुरसत नसते, आणि मागणाऱ्यालाही नसते.

गाठ सुटली ती सरांकडून. फिंगरस्टाइलच्या वेळी त्यांनी सगळ्यांना नंबर दिला होता. इतके दिवस मी संस्थेला डावलायचं नाही म्हणून लावला नव्हता. लावला, तर त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सोलापुरात फ्लॅमेन्कोला माणसंच मिळत नाहीत एवढंच त्यांना कळवलेलं. तेरा आकडा ऐकून ते हसायलाच लागले. म्हणाले, ‘फ्लॅमेन्कोत तुम्ही तेराच्या तेरा बिगिनर. स्पेनमध्ये, हेरेझला नेऊन बसवलं तर मीही मागच्याच रांगेत बसेन.’ त्यांनीच संस्थेला फोन केला. आठवड्याभरात तारीख आली. सिस्टीमचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून सांगतो, नाव नोंदवण्याआधी शिकवणाऱ्याशी एकदा बोला आणि बॅच शैलीप्रमाणे आहे की स्तराप्रमाणे, ते विचारून घ्या. लीडची, म्हणजे एकेक सूर काढत चाल वाजवण्याची कार्यशाळा असेल तर स्तर लावणं मी समजू शकतो. पण जिथं उजवा हातच नव्यानं शिकायचा आहे तिथं कसला आलाय स्तर?

हे मी रागानं म्हणत नाही, हॉलमध्ये बघितलंय. रासगेआदो म्हणजे मूठ अर्धवट मिटून करंगळीपासून तर्जनीपर्यंत एकेक बोट बाहेर झटकायचं, नखांची पाठ तारांवरून सर्रकन गेली पाहिजे, आणि चारही बोटांचे चार वार वेगळे ऐकू आले पाहिजेत. सगळ्यांची बोटं एकदमच उघडत होती. अ‍ॅडव्हान्स्डवाल्या मुलीची अनामिका मधल्या बोटाला चिकटून यायची, माझीही, आणि दोन महिन्यांपूर्वी गिटार घेतलेल्या पोराचीही. सरांनी गिटारी खाली ठेवायला लावल्या आणि मांडीवर करायला सांगितलं. तेरा माणसं गोल बसून आपापल्या मांडीवर बोटं झटकतायत. पाणी द्यायला आलेला पोरगा दारातच उभा राहिला.

आणि मग ते बारा मात्रांचं कोंपास, म्हणजे फ्लॅमेन्कोचा ताल. तबलजी आधी खुशीत होता, ‘एकतालच की!’ पण एकतालाचे विभाग दोन-दोनचे सहा. इथं सोलेआ नावाच्या प्रकारात जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर: म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. बुलेरिया या दुसऱ्या प्रकारात तर मोजायला सुरुवातच बारापासून: बारा, एक, दोन, तीन. एकवर समेची सवय असलेला माणूस पार गोंधळून जातो. सगळ्यात जास्त तोच चुकला बिचारा, पण एकदा बसल्यावर सगळ्यांत पक्कं त्याचंच. आम्ही रविवारची सकाळ नुसत्या टाळ्या वाजवण्यात घालवली. पाल्मास म्हणतात त्याला, आणि त्याशिवाय गिटार हातात घेण्यात अर्थ नाही. दुपारी ए मायनर, जी, एफ, ई अशी उतरती कॉर्ड त्या टाळ्यांत बसवली. ई मेजरवर येऊन थांबलो तेव्हा हॉलमध्ये जो आवाज झाला त्यासाठी आणखी एक पावसाळा थांबलो असतो. संस्थेला हे सांगणार नाही.

रविवारी नळाला पाणी यायची पाळी असेल तर अर्धी बॅच उशिरा येते, हे तारीख ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आमच्या वेळी तसंच झालं आणि पहिला तास वाया गेला.

गिटारीबद्दल सांगायचं राहिलं. फ्लॅमेन्कोला नायलॉनच्या तारा लागतात. स्टीलवर रासगेआदो केलं तर नखं उडतात. ज्यांच्याकडे स्टीलची गिटार आहे त्यांनी तिच्यावर नायलॉन चढवायच्या भानगडीत पडू नये. उलटं तर मुळीच करू नये, स्टीलच्या तारांचा ताण नायलॉनच्या जवळपास दुप्पट असतो, क्लासिकल गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा बांधायची पट्टी, उखडून येईल. मी यामाहाची सी फॉर्टी घेतली. नायलॉन सेट दुकानदाराला सांगून आधीच मागवून ठेवा आणि कार्यशाळेच्या निदान आठवडाभर आधी चढवा. नव्या तारा ताणत राहतात, दर पाच मिनिटांनी सूर उतरतो. गोल्पे म्हणजे वाजवताना बोटानं लाकडावर ठोका द्यायचा असतो. खऱ्या फ्लॅमेन्को गिटारवर त्यासाठी पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, आपल्या गिटारवर नसते. तिथं नखानं ठोकलं तर पॉलिश जातं, बोटाच्या मांसल भागानं ठोका.

एप्रिल-मेमध्ये कार्यशाळा ठेवली तर मी जाणार नाही, तुम्हीही विचार करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात. त्या दिवसांत गिटार भिंतीला टांगून ठेवू नका. केसमध्ये ठेवा आणि सोबत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला, नीट पिळलेला स्पंज.

नखांचं म्हणाल तर उजव्या हाताची थोडी वाढवावी लागतात. सहीसाठी कागद पुढे केला की क्लायंटची नजर आधी तिकडे जाते. मी नवस आहे म्हणून सांगतो, पुढं कुणी विचारत नाही.

आता बोसा नोव्हाचं जाहीर झालंय. ब्राझीलची शैली, तीही नायलॉनवरच, त्यामुळे गिटारचे पैसे वसूल होतील. फॉर्म परवा आला. त्या रकान्यात आता चौथा पर्याय दिलाय: ‘सर्व स्तर’. त्याची वेगळी बॅच होणार आहे, किमान आठ जण झाल्यावर. मी अजून भरलेला नाही. आधी तबलजीला गाठतो, मग सरांना फोन.