'माउस'मधली आन्या

ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं. आर्ट स्पीगेलमनच्या 'माउस' या चित्रकादंबरीबद्दल एवढं तर ते न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. मला मात्र ते नाझींच्या छळछावणीपेक्षा बाप-लेकाचं, व्लाडेक आणि आर्टचं, पुस्तक वाटतं. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्समध्ये म्हातारा व्लाडेक बोलतोय आणि आर्ट टेपरेकॉर्डर लावून ऐकतोय. मध्येच व्लाडेक गोळ्या मोजतो, रस्त्यात पडलेली वायर उचलून खिशात घालतो, उघडलेला सीरियलचा खोका दुकानात परत करायला जातो. लेक शरमेनं गाडीतच बसून राहतो.

याच माणसानं ऑश्विट्झच्या छावणीत अर्धपोटी राहून पाव आणि सिगरेटी साठवल्या होत्या. कशासाठी, तर लाच देऊन बायकोला, आन्याला, तिथल्याच बिर्केनाऊ या दुसऱ्या छावणीमधून आपल्या जवळ आणता यावं म्हणून. हे वाचलं की त्याची चिकाटी आणि चिक्कूपणा एकाच मुळाचे वाटू लागतात. पण पुस्तक एवढ्यावर त्याला सोडून देत नाही. त्याची दुसरी बायको माला हीसुद्धा छावणीतून वाचलेली. ती स्पष्ट म्हणते की भोगलं सगळ्यांनीच, पण याच्यासारखं कुणी झालं नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

आर्टचा जन्म 1948चा, स्टॉकहोमचा. त्यानं युद्ध पाहिलेलंच नाही. तरी लहानपणी अंघोळ करताना शॉवरमधून पाण्याऐवजी झायक्लॉन बी हा विषारी वायू येतोय, अशी कल्पना तो करायचा. युद्धात गेलेला थोरला भाऊ रिश्यू त्याच्यासाठी आईवडिलांच्या खोलीतला एक फोटो. फोटो कधी हट्ट करत नाही, उलट बोलत नाही. त्याच्याशी बरोबरी करणार तरी कशी?

मी स्वतः चित्रं काढते, त्यामुळे दुसऱ्या भागातल्या एका चौकटीपाशी खूप वेळ थांबले. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांच्या रस्त्यानं गाडी चालली आहे. व्लाडेक चार मुलींबद्दल सांगतोय. छावणीतल्या बंडासाठी दारूगोळा चोरून पुरवला म्हणून त्यांना फाशी दिलं होतं. आणि रस्त्याकडेच्या झाडांवरून त्यांचे पाय लोंबताहेत. गद्यात काळ बदलला हे सांगावं लागतं. इथे काळ बदलतच नाही. गाडी, झाडं, फाशी गेलेल्या मुली, सगळं एकाच रेषेनं काढलेलं.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. आन्यानं 1968 साली आत्महत्या केली. मोठेपणी मुलाला यात रस वाटावा, अशी इच्छा धरून तिनं आपल्या आठवणी वह्यांमध्ये लिहून ठेवल्या होत्या. ती गेल्यावर व्लाडेकनं त्या जाळून टाकल्या. आर्ट त्याला तोंडावर खुनी म्हणतो, तिथे पहिला भाग संपतो. दुःखात माणूस असं करू शकतो हे मला समजतं. पण त्यामुळे 1986 आणि 1991च्या दोन्ही भागांत बिर्केनाऊमधली आन्या आपल्याला भेटते ती नवऱ्याच्याच तोंडून. यासाठी मी व्लाडेकला माफ करू शकलेले नाही.