तीन नंबरच्या टेबलावरची पांढरी रेघ

भिवंडीच्या आमच्या गाळ्यात सॉर्टर, म्हणजे पार्सलं कुरिअरप्रमाणे वेगळी करणारं मशीन, आला तो पावसाळा सरता सरता. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामात असतो तसला अवाढव्य नाही. बारा-पंधरा फुटांचा पट्टा, वर कॅमेरा, पुढे तिरकी होणारी चाकं आणि दोन्ही बाजूंना पोती अडकवलेल्या चौकटी, बस. पार्सल स्टिकर वर करून ठेवायचं. कॅमेरा बारकोड वाचतो, कुठल्या कुरिअरचं ते सॉफ्टवेअर सांगतं आणि चाकं पार्सल त्या पोत्याकडे वळवतात. वाचता आलं नाही तर ते सरळ जाऊन टोकाच्या ‘नो-रीड’ क्रेटमध्ये पडतं. दिवसाला दीड-दोन हजार ऑर्डरी काढणाऱ्या आमच्यासारख्यांना एवढं पुरतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी ते क्रेट ओसंडून वाहायला लागलं. एरवी त्यात चुरगळलेली नाहीतर टेप स्टिकरवर आलेली चार पार्सलं असायची. सहाला पिकअप. मी मशिनवाल्याला फोन लावला. “सर, लेन्स साफ करो.” केली. “लाइट बढाओ.” वाढवला. क्रेट भरतच होतं. शेठ येऊन मशिनकडे असं बघत होते, जणू त्यांनी दिलेला हप्ता ते गिळून बसलंय.

मशीन यायच्या आधी आमच्याकडे पार्सलं लावायच्या त्या मावशी. आता पट्ट्यावर माल ठेवतात. क्रेट उपसता उपसता म्हणाल्या, “दादा, ही सगळी त्या उटणंवाल्या ताईंची आहेत बघा.”

खरंच होतं. उटणं-साबणाच्या ऑर्डरी तीन नंबरच्या टेबलावर पॅक होत होत्या. पण त्यांच्यातली निम्मी पार्सलं मशिनने बिनतक्रार वाचलेलीही होती, म्हणून आमचं लक्ष तिकडे गेलं नव्हतं. मावशींनी एक स्टिकर ट्यूबलाइटखाली तिरका धरला. वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ, बारकोडच्या मधून गेलेली.

आमच्या लेबल प्रिंटरच्या हेडवर इंचाला २०३ बारीक ठिपके असतात. ते तापतात आणि कागद काळा होतो. त्यातला एक जळला की कागद सरकेल तशी तेवढी जागा कोरी राहते. आमच्या स्टिकरवर बारकोडच्या काड्या कागद सरकतो त्याच दिशेने उभ्या. म्हणजे मेलेला ठिपका एखाद्या काडीवर आला की ती अख्खी काडी चिरली जाते किंवा बारीक होते. तोच दोन काड्यांमधल्या मोकळ्या जागेत आला तर काहीच बिघडत नाही. प्रत्येक पार्सलचा नंबर वेगळा, म्हणून एक वाचलं जायचं आणि दुसरं नाही. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की या बारकोडमध्ये बाकीच्या आकड्यांवरून काढलेला तपासणीचा एक आकडा असतो. हिशेब जुळला नाही तर मशीन पार्सल नाकारतं, भलत्याच पोत्यात टाकत नाही. भलत्या कुरिअरकडे गेलेलं पार्सल परत यायला आठवडा लागतो, आणि दिवाळीनंतर पोचलेलं उटणं कोण घेणार?

हेड स्पिरिटने पुसलं. रेघ तशीच. मग तीन नंबरचा प्रिंटर बंद केला, त्याची छपाई एक नंबरवर वळवली आणि क्रेटमधला ढीग जमिनीवर ओतला. मावशी खाली बसल्या. वरचं कुरिअरचं नाव, मग पिनकोड: ४०० आणि ४२१ लोकलच्या पोत्यात, उरलेलं बाहेरगावच्या. (१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पिनकोडची पद्धत ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवीही होते. त्या संध्याकाळी मला ते कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा जवळचे वाटले.) बारकोडखालचे आकडे एक पोरगा वाचत होता, मी मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे कुरिअरला द्यायच्या पार्सलांच्या यादीत, टाइप करत होतो. एका कुरिअरचा टेम्पो थांबला. दुसऱ्याचा ड्रायव्हर “कल डबल ले जाऊंगा” म्हणत निघून गेला, त्याची पोती सकाळी गेली.

हेड जळण्याचं कारण नंतर उलगडलं. सीझनसाठी शेठनी स्वस्तातले लेबल रोल आणले होते. त्यांच्यावर छपाई फिकट यायची, म्हणून पॅकिंगच्या पोरांनी प्रिंटरची हीट शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवली होती. त्यात कागद खरबरीत. हेड किती दिवस टिकणार?

आता स्टिकरच्या तळाशी आमचा स्वतःचा एक छोटा बारकोड छापतो, शिडीच्या पायऱ्यांसारखा आडवा. मेलेला ठिपका सगळ्या पायऱ्या एकाच जागी कापतो, बाकीची पायरी शाबूत, त्यामुळे कॅमेऱ्याला फरक पडत नाही. कुरिअरचा बारकोड मात्र उभाच, तो आपल्या हातात नाही. म्हणून सकाळी प्रत्येक प्रिंटरवरून एक काळी पट्टी छापून मावशींना दाखवायची, त्यांनी मान डोलावली की काम सुरू. उरलेले स्वस्त रोल शेठनी फेकू दिले नाहीत. रॅकच्या कप्प्यांवर नावं डकवायला वापरतोय, मार्करने लिहून.